विनोबा : दान झाले, राखण राहिली

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील कडोळी हे नानाजी देशमुख यांचे जन्मगाव. ११ ऑक्टोबर १९१६ रोजी त्यांचा जन्म झाला, तेव्हा हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्यात मोडत होते. स्वतंत्र हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला तो १९९९ मध्ये. पुढे उत्तर प्रदेशात जनसंघाचे काम करीत असताना नानाजी भूदान चळवळीत उतरले आणि दोन महिने आचार्य विनोबा भावे यांच्यासमवेत राहिले. राजकारण सोडून खेड्यांच्या कामाला वाहून घेणाऱ्या या कार्यकर्त्याच्या आयुष्यात ते दोन महिने महत्त्वाचे ठरले.

मराठवाड्याशी भूदानाचे नाते आणखी जुने आहे. १९५१ मध्ये भूदानाची पहिली जमीन मिळाली ती हैदराबाद राज्यात, आणि मराठवाड्याचे पाचही जिल्हे तेव्हा त्याच राज्यात होते. जहागिरी, देशमुखी, कुळांची परवड आणि रझाकारांचा धुमाकूळ हे सारे तेलंगणाने जसे सोसले, तसे मराठवाड्यानेही सोसले होते. भूदानाची कथा म्हणूनच या भागाला परकी नाही. लोकांनी स्वेच्छेने दिलेली जमीन, ती समाजाच्या वतीने सांभाळणारे बिनपगारी कार्यकर्ते आणि पुढे गावालाच जमिनीचा विश्वस्त करण्याचा प्रयत्न, एवढा मोठा प्रयोग देशात त्यापूर्वी झाला नव्हता. त्याचे यश डोळे दिपवणारे होते आणि अपयशही तेवढेच मोठे होते. दोन्हींचे मूळ विनोबांच्या स्वभावात आणि जीवनदृष्टीत सापडते.

गागोद्याचा फणस

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे या लहानशा गावी झाला. आजोबा शंभूराव धार्मिक वृत्तीचे, पण रूढींपुढे मान न तुकवणारे होते. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास असत. रसायनांची व रंगांची त्यांना आवड होती आणि शिस्तीवर त्यांचा कटाक्ष होता. आई रुक्मिणीबाईंचे शिक्षण बेताचे होते, मात्र संतांचे अभंग त्यांच्या ओठी असत. विनोबांवर सर्वांत खोल संस्कार झाला तो आईचा.

घरी फणस उतरवला की आधी गरे शेजारीपाजारी वाटायचे आणि मग घरच्यांनी खायचे, असा आईचा शिरस्ता होता. वाटण्याचे काम लहानग्या विनायकाकडे असे. देण्यात देवपण आहे आणि स्वतःपुरते राखण्यात राक्षसपण आहे, हे तिने नावांच्या खेळातून मुलाच्या मनावर ठसवले. पुढे लक्षावधी एकर जमीन मागणाऱ्या माणसाच्या विचाराचे बीज या फणसाच्या गऱ्यांत होते. मराठीत मात्र राखणे या शब्दाला दुसराही अर्थ आहे. पिकाची राखण केली नाही तर पेरलेले हाती लागत नाही. भूदानाला पुढे या दुसऱ्या अर्थाने गाठले.

मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण वाटेत सुरतेलाच उतरला आणि काशीला गेला. शाळेची प्रशस्तिपत्रे त्याने त्याआधीच चुलीत घातली होती. एकीकडे हिमालयाची ओढ होती आणि दुसरीकडे बंगालच्या क्रांतिकारकांचे आकर्षण होते. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील महात्मा गांधींच्या गाजलेल्या भाषणाचा वृत्तांत काशीत त्यांच्या वाचनात आला. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली. शांती आणि क्रांती या दोन्ही वाटा येथे एकत्र येतात, असे या तरुणाला जाणवले आणि त्याचा मुक्काम ठरला.

एक वर्षाची रजा घेऊन विनोबा वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी उपनिषदे व ब्रह्मसूत्रे शिकले. १९१८ मध्ये आईचे निधन झाले. ८ एप्रिल १९२१ रोजी जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून सुरू होत असलेल्या आश्रमाची जबाबदारी घेऊन ते वर्ध्याला आले. पुढची तीस वर्षे सूतकताई, शिक्षण, हरिजनसेवा आणि तुरुंगवास यांत गेली. आईला गीता मराठीतून वाचता यावी या जुन्या इच्छेतून १९३०-३१ मध्ये ‘गीताई’ सिद्ध झाली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली. ऑक्टोबर १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिले सत्याग्रही म्हणून त्यांची निवड केली, तेव्हा देशातील पुष्कळांना त्यांचे नाव प्रथमच कळले.

पवनारचे शेत

प्रकृती ढासळल्यामुळे विनोबा १९३८ मध्ये वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी पवनार येथे राहावयास आले. तेथे त्यांनी स्वतः कुदळ हाती घेतली. शेत खणताना राम आणि भरत यांच्या भेटीचे एक प्राचीन शिल्प जमिनीतून निघाले. विनोबांनी त्याची तेथेच प्रतिष्ठापना केली. राज्य हाती असूनही सिंहासनावर न बसता, ते दुसऱ्याचे मानून चौदा वर्षे सांभाळणारा भरत हा त्यांचा विशेष आवडता होता. गांधीजींच्या विश्वस्तवृत्तीच्या कल्पनेला याहून बोलके रूप मिळणे कठीण होते. आपल्याजवळ जे आहे ते आपले नाही, आपण त्याचे केवळ सांभाळकर्ते आहोत, असा या कल्पनेचा आशय आहे.

१९५० मध्ये पवनारला त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभला. पैशाचे दान घ्यावयाचे नाही, बाजारातून आणावयाचे नाही, जमिनीतून कष्टाने जे निघेल त्यावर राहावयाचे, असा तो बेत होता. विहीर खणली गेली. रहाटाला बैल न जुंपता आश्रमवासीयांनी तो स्वतः ओढला. पंचावन्न वर्षांच्या विनोबांचाही त्यात हात होता. जमीन म्हणजे काय, एका कुटुंबाला किती लागते आणि ती कसणाऱ्याकडून काय मागते, याचे उत्तर त्यांना हाताच्या घट्ट्यांतून मिळाले होते. पुढच्या वर्षी जमीन मागावयास निघालेला माणूस नुसता प्रवचनकार नव्हता.

पोचमपल्लीची सभा

मार्च १९५१ मध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे भरणाऱ्या सर्वोदय संमेलनासाठी विनोबा वर्ध्याहून पायीच निघाले. त्या वेळी तेलंगण धुमसत होते. देशमुख व जमीनदारांच्या अमलाविरुद्ध १९४६ पासून कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली सशस्त्र उठाव सुरू होता. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने निजामाची राजवट संपली, १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कूळकायदाही झाला. तरीही गावोगावी भय होते. दिवसा पोलीस आणि रात्री बंडखोर, अशा कात्रीत शेतकरी सापडला होता.

संमेलनानंतर विनोबांनी याच भागातून पायी फिरावयाचे ठरवले. १५ एप्रिल रोजी, रामनवमीच्या दिवशी, त्यांनी हैदराबादच्या तुरुंगातील कम्युनिस्ट कैद्यांची भेट घेतली आणि ते चालू लागले. १८ एप्रिल १९५१ रोजी नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली येथे मुक्काम पडला. गावातील हरिजन वस्तीतील चाळीस कुटुंबांनी त्यांच्यापुढे आपली अडचण मांडली. ऐंशी एकर जमीन मिळाली तर ती कसून जगता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारकडे अर्ज करण्याचा मार्ग होता. पण विनोबांनी समोर बसलेल्या गावकऱ्यांनाच विचारले. रामचंद्र रेड्डी नावाच्या जमीनदाराने उठून शंभर एकर जमीन देऊ केली.

ती रात्र विनोबांनी अस्वस्थतेत काढली. एका माणसाचा चांगुलपणा म्हणून ही घटना सोडून द्यावी, की देवाचा संकेत मानून दाराशी दाराशी मागत जावे, हा प्रश्न होता. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. एक्कावन्न दिवसांत सुमारे दोनशे गावांतून बारा हजार एकर जमीन मिळाली. त्याच सप्टेंबरात पंचवार्षिक योजनेवर चर्चा करण्यासाठी पंडित नेहरूंनी त्यांना दिल्लीस बोलावले. विनोबांनी विमान नाकारले आणि १२ सप्टेंबर रोजी पवनारहून ते पायी निघाले. वाटेतही जमीन मिळत गेली. तेलंगणात भयापोटी दान मिळाले, असे म्हणणाऱ्यांना ते परस्पर उत्तर होते.

सहावा मुलगा

मागण्याची रीत साधी होती. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असे ते जमीनधारकांना समजावीत. दरिद्रीनारायणाचा हा वाटा म्हणजे उपकार नव्हे, तर त्याचा हक्क आहे, अशी त्यांची धारणा होती. हवा आणि पाणी यांवर जशी कोणाची मालकी नाही, तशी जमिनीवरही नसावी, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. देशातील तीस कोटी एकर लागवडीखालील जमिनीचा सहावा हिस्सा, म्हणजे पाच कोटी एकर जमीन १९५७ पर्यंत मिळवण्याचे उद्दिष्ट त्यांनी जाहीर केले.

मिळालेल्या जमिनीच्या वाटपाचेही नियम होते. वाटप गावच्या जाहीर सभेत व्हावे, भूमिहीनांची निवड शक्यतो एकमताने व्हावी आणि एकमत न झाल्यास चिठ्ठ्या टाकाव्यात, एक तृतीयांश जमीन हरिजनांना मिळावी, असा दंडक होता. जमीन घेणाऱ्याने ती स्वतः कसावी, विकू नये, गहाण टाकू नये. राज्याराज्यांत यासाठी भूदान यज्ञ मंडळे स्थापन झाली. उत्तर प्रदेशात १९५२ मध्ये, तेव्हाच्या मध्य प्रदेशात १९५३ मध्ये आणि बिहारमध्ये १९५४ मध्ये त्यासाठी कायदे झाले. विदर्भ त्या वेळी मध्य प्रदेशात असल्यामुळे तेथील दानाला मध्य प्रदेशचा कायदा लागू झाला. दान दिलेली जमीन मंडळाच्या नावे होई आणि मंडळ ती भूमिहीनाला वहितीसाठी देई. आजच्या भाषेत हा सार्वजनिक जमिनीचा न्यासच होता.

या न्यासाचे खरे बळ कार्यकर्त्यांत होते. शंकरराव देव, अप्पासाहेब पटवर्धन, दादा धर्माधिकारी, आयसीएसची नोकरी सोडलेले रा. कृ. पाटील, वर्ध्याचे प्राध्यापक ठाकुरदास बंग अशी महाराष्ट्रातील कितीतरी माणसे त्यात होती. १९५४ मध्ये बोधगयेच्या संमेलनात जयप्रकाश नारायण यांनी या कार्यासाठी जीवनदान जाहीर केले. पहाटे चालावयास सुरुवात, पुढच्या गावी सभा, दानपत्रे भरून घेणे, सातबारा उतारे तपासणे, संध्याकाळी प्रार्थना, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. बिहारात विनोबा सव्वादोन वर्षे फिरले आणि सर्वाधिक जमीन तेथेच मिळाली. चांडीलला हिवतापाने ते मरणाच्या दारी पोहोचले होते. देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात हरिजनांसह प्रवेश करू पाहताना सप्टेंबर १९५३ मध्ये पंड्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. पदयात्रा मात्र थांबली नाही.

कार्यालयांना निरोप

१९५७ च्या सुमारास दानाचा आकडा ४२ लाख एकरांच्या आसपास पोहोचला. जगात कोठेही केवळ विनंती करून एवढी जमीन कोणी मिळवली नव्हती. तरीही उद्दिष्टाच्या तुलनेत ती दशांशाहून कमी होती, आणि प्रत्यक्ष वाटप झाले होते ते त्यातील लहानशा भागाचे.

नेमक्या याच वळणावर विनोबांनी एक धाडसी निर्णय घेतला. तोवर कार्यकर्त्यांच्या मानधनाचा व कार्यालयांचा मोठा भार गांधी स्मारक निधी उचलत होता. जिल्ह्याजिल्ह्यांत भूदान समित्या होत्या. नोव्हेंबर १९५६ मध्ये तमिळनाडूतील पळणी येथे विनोबांनी निधीची मदत बंद करण्याचा आणि समित्या विसर्जित करण्याचा निर्णय घेतला. निधिमुक्ती आणि तंत्रमुक्ती या नावांनी तो ओळखला जातो. पगारी सेवक आणि कचेऱ्या यांच्या जोरावर क्रांती होत नाही, लोकांनीच ती उचलली पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. ज्याने आयुष्यभर संस्थांचा संसार नाकारला, त्याच्या स्वभावाशी तो सुसंगतच होता.

परिणाम दुहेरी झाला. चळवळ सरकारी खात्यासारखी होण्यापासून वाचली. पण दानपत्रांचे गठ्ठे ज्यांच्या कपाटात होते, त्या समित्याच उरल्या नाहीत. दान दिलेली जमीन नेमकी कोणत्या गटात आहे, तिच्यावर कर्ज आहे का, भाऊबंदांचा वाद आहे का, फेरफार झाला का, हे पाहण्यासाठी तलाठ्याच्या दारी चार चार खेपा घालणारा माणूस लागतो. पदयात्रेचा उत्साह त्या कामी येत नाही. अनेक दात्यांनी खडकाळ, नदीपात्रातील किंवा दाव्यात अडकलेली जमीन दिली होती. काहींनी दिलेली चांगली जमीनही मागाहून परत ताब्यात घेतली. मोठा हिस्सा पुढे दशकानुदशके वाटपाविना पडून राहिला. विनोबांनी दानाची गंगा आणली, तरी बांधावर उभे राहणारे राखणदार पुरेसे उरले नाहीत.

गावच विश्वस्त

विनोबांचे उत्तर ग्रामदान हे होते. उत्तर प्रदेशातील मंगरोठ या गावाने १९५२ मध्येच आपली सर्व जमीन दान केली होती. ओरिसातील कोरापुट जिल्ह्यात आदिवासींची शेकडो गावे ग्रामदानात आली आणि तेथील विकासाची धुरा महाराष्ट्राचे अण्णासाहेब सहस्रबुद्धे यांनी वाहिली. जमिनीची मालकी व्यक्तीकडून काढून गावाकडे द्यावयाची, म्हणजे सांभाळण्यासाठी बाहेरची समिती लागणार नाही, अशी ही योजना होती. सप्टेंबर १९५७ मध्ये म्हैसूरजवळ येलवाल येथे झालेल्या परिषदेस राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान नेहरू आणि केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रिपाद हे सारे उपस्थित होते. परस्परांचे कट्टर विरोधक ग्रामदानाच्या पाठिंब्यापुरते एकत्र आले.

१९५८ मध्ये पदयात्रा महाराष्ट्रात आली. मे महिन्यात पंढरपूरला विनोबांनी सर्व धर्मांच्या सहकाऱ्यांसह विठ्ठलमंदिरात प्रवेश केला. देवघरच्या जखमेनंतर पाच वर्षांनी मिळालेला हा मान त्यांना गहिवरून टाकणारा होता. संत नामदेवांच्या अभंगांचे त्यांनी संकलन केले होते. जन्मस्थान म्हणून हिंगोली जिल्ह्यातील नरसी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्याच नामदेवांची पायरी त्या महाद्वारी आहे. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार जाहीर झाला. १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. एप्रिल १९६४ मध्ये ते पवनारला परतले, तेव्हा निघाल्यापासून साडेबारा वर्षे लोटली होती.

ग्रामदानाच्या अटी पुढे सुलभ करण्यात आल्या. मालकी ग्रामसभेकडे जाई, विसावा हिस्सा भूमिहीनांना मिळे आणि उरलेली जमीन मूळ कुटुंबाकडेच कसण्यास राही. ग्रामसभेच्या संमतीविना जमीन गावाबाहेर विकता येत नसे. उत्पन्नाचा ठराविक भाग ग्रामकोषात जाई. महाराष्ट्राने यासाठी १९६४ चा ग्रामदान कायदा केला. बिहारमधील तुफान यात्रेनंतर देशातील ग्रामदानी गावांचा आकडा दीड लाखावर गेला, पण त्यांतील बहुसंख्य ग्रामदाने संकल्पपत्रावरील सह्यांपलीकडे गेली नाहीत.

हक्क की दान

भूदानावर टीका त्या काळीच झाली. जमीनदारांच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहत बसल्याने भू-सुधारणेच्या कायद्यांची धार बोथट होते, असा कम्युनिस्ट व समाजवाद्यांचा आक्षेप होता. भूमिहीनाला जमीन हवी ती हक्क म्हणून, दान म्हणून नव्हे, ही भूमिका घेऊन दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये महाराष्ट्रात भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. पडीक व सरकारी जमिनी कसणाऱ्यांच्या नावे कराव्यात, ही त्यातील मुख्य मागणी होती. मराठवाड्यात हा प्रश्न गायरानांशी जोडलेला आहे.

गायरान ही गावाची सामाईक मोकळी जमीन. तेथे जनावरे चरतात, पावसाचे पाणी मुरते, जळण मिळते. तिच्यावर सातबारा कोणा एकाचा नसतो आणि म्हणूनच तिला वाली नसतो. भूमिहीन दलित कुटुंबांनी पोटासाठी कसलेले दोन एकर आणि बड्या लोकांनी बळकावलेले वीस एकर, दोन्हींना सरकारी दप्तरात अतिक्रमण हा एकच शब्द आहे. गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये दिला. भूमिहीन मजुरांना व अनुसूचित जातिजमातींना शासनाने रीतसर दिलेले पट्टे त्यातून वगळले गेले. पण कोणाची गरज आणि कोणाचा लोभ, हे दप्तरापेक्षा गावाला अधिक ठाऊक असते. विनोबा ग्रामसभेकडे वळले ते याच कारणासाठी. त्यांची श्रद्धा मात्र अशा गावावर होती, जेथे दुबळ्याचा आवाजही सभेत ऐकला जाईल. सगळी गावे तशी नव्हती, आणि हेही अपयशाचे एक कारण होते.

सातासमुद्रापार

विनोबांचा जन्म झाला त्याच १८९५ साली इंग्लंडमध्ये ऑक्टेव्हिया हिल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी नॅशनल ट्रस्ट स्थापन केला होता. शहरांच्या गर्दीत मोकळी मैदाने, टेकड्या व वनराई सर्वांसाठी राखून ठेवणे हा त्याचा हेतू होता. आज जगभर नागरिकांचे असे न्यास आहेत. त्यांतील एका प्रकाराची मुळे भारतात आहेत, हे फारसे ठाऊक नसते.

अमेरिकेत राल्फ बोर्सोडी आणि रॉबर्ट स्वान यांनी ग्रामदानाचा अभ्यास करून सामुदायिक भूमी-न्यासाची कल्पना मांडली. जमीन न्यासाकडे कायमची राहील, तिची खरेदी-विक्री होणार नाही आणि कसणाऱ्याला दीर्घ मुदतीने ती वापरता येईल, असे तिचे स्वरूप होते. १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी सुमारे ५,७०० एकरांवर न्यू कम्युनिटीज हा पहिला न्यास उभा राहिला. दुष्काळ आणि कर्जपुरवठ्यातील भेदभाव यांमुळे १९८५ मध्ये त्यांची ती जमीन गेली, परंतु कल्पना टिकली. अमेरिका व युरोपातील अनेक शहरांत परवडणारी घरे आज याच पद्धतीने राखली जातात. तेलंगणातील शंभर एकरांचा धागा तेथवर पोहोचला.

खुद्द तेलंगणात मात्र निराळे घडले. हैदराबाद शहर पसरत गेले, जमिनीचे भाव चढले आणि रंगारेड्डी जिल्ह्यातील भूदानाच्या जमिनींवरून मालकीचे वाद न्यायालयांत पोहोचले. शहराच्या सीमेवरच्या मोकळ्या जमिनीचे जे सर्वत्र होते, तेच दानाच्या जमिनीचेही झाले. कागदावर ती विकता येत नव्हती, पण कागदावर पहारा ठेवणारे थोडे होते.

धामच्या काठी

१९७० मध्ये विनोबा पवनारला स्थिरावले. ब्रह्मविद्या मंदिर ही स्त्रियांची साधनाभूमी त्यांनी १९५९ मध्येच तेथे सुरू केली होती. अखेरची वर्षे वादाची ठरली. जयप्रकाशांच्या बिहार आंदोलनावरून सर्व सेवा संघात फूट पडली. विनोबा तेव्हा वर्षभराच्या मौनात होते. आणीबाणीबाबत त्यांनी लिहून दिलेल्या एका शब्दाचा सरकारने मुक्तपणे वापर केला आणि त्यांच्या कित्येक जुन्या सहकाऱ्यांची मने दुखावली. गोवधबंदीसाठी त्यांनी उपोषणाचे अस्त्र उचलले. टीकेला त्यांनी फारसे उत्तर दिले नाही.

नोव्हेंबर १९८२ च्या आरंभी ते आजारी पडले. देहाचे काम संपले असे मानून त्यांनी अन्न, पाणी आणि औषध यांचा त्याग केला. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीत, त्यांनी देह ठेवला. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले. नानाजी देशमुखांना तो सन्मान २०१९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनी मिळाला.

विनोबांच्या नावे जमिनीचा एक तुकडाही नव्हता. त्यांच्या शब्दाखातर मात्र लाखो एकर जमिनीची मालकी लोकांनी सोडली. भूदानात मिळालेल्या जमिनीवर आजही असंख्य भूमिहीनांची तिसरी पिढी नांगर धरते आहे, हे अपयशाच्या हिशेबात विसरले जाते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाची नोंदही त्या हिशेबात घ्यावी लागते. गावाच्या सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्याला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. जंगल गावाने आधीपासूनच राखले होते. त्यानंतर २०१३ मध्ये गावकऱ्यांनी १९६४ च्या ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन आपापल्या शेतजमिनींची मालकी ग्रामसभेकडे सोपवण्याचा निर्णय केला. विनोबांना जाऊन तेव्हा एकतीस वर्षे झाली होती. तेथे कोणी पदयात्री दान मागावयास आला नव्हता. वर्षानुवर्षे सर्वसंमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा आधी घडली, आणि जमीन मागाहून तिच्या हाती आली. विनोबांच्या चळवळीत बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा झाला होता.

पवनारच्या आश्रमात राम-भरत भेटीचे ते शिल्प आजही आहे. आश्रमाखालून धाम वाहते.